खुणांच्या जादूगारास अनावृत पत्र

श्री. अ‍ॅपकर्ते महोदय,

स. न. वि. वि.

फोनमधल्या फाइली आवरण्यासाठी आपण घडवलेले अ‍ॅप आम्ही वापरतो. त्यातून मिळालेल्या संयमाच्या शिक्षणाबद्दल जाहीर आभार मानलेच पाहिजेत.

दिवाळी सरली की घरच्या ग्रुपवरचे पणत्या-कंदिलांचे फोटो शेकड्यांनी साचतात. ते एकदम निवडून उडवावेत, एवढीच आमची क्षुद्र इच्छा. पण आपल्या यादीत निवडीचे बटण नाही की चौकट नाही. ओळीवर बोट दाबून धरले की निवड सुरू होते, हे ज्याचे त्याने साधनेने जाणायचे! दाबून निवडण्याची ही रीत अँड्रॉइडने 2011 मध्ये 3.0 आवृत्तीत रुळवली, तेव्हा सोबत वरची पट्टीही दिली होती. किती निवडले आणि त्याचे काय करायचे, हे तिच्यावर दिसते. आपण दाबणे तेवढे उचललेत. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या गोल चित्राला टिचकी मारली तरी पत्र निवडले जाते. इतका उघडपणा आपल्या तत्त्वात बसत नसावा.

आपली खरी प्रतिभा मात्र यादी सरकवल्यावर कळते. वरच्या चार पणत्यांवर खूण करून खाली यावे, तर आजीच्या पंच्याहत्तरीच्या फोटोवर आपोआप खूण! आपल्या या जादूचे गुपित फोडतो, राग नसावा. फोन हजार ओळी एकदम मांडत नाही. पडद्यावर मावतील त्याहून थोड्याच जास्त ओळी तो बनवतो आणि वर सरकून गेलेली ओळ नवा मजकूर भरून खाली पुन्हा वापरतो. अँड्रॉइडमध्ये याद्या दाखवणाऱ्या रीसायकलरव्ह्यू या घटकाचे तर नावच त्यावरून पडले. म्हणून खूण फाइलच्या ओळखक्रमांकासह वेगळ्या नोंदीत ठेवायची असते आणि ओळ भरताना दर वेळी ती नोंद पाहायची असते. आपण खूण ओळीलाच चिकटवलीत. पंगत उठली तरी पाने तीच, नव्या पाहुण्याने खुशाल उष्ट्यावर बसावे!

बाकीचे पराक्रम थोडक्यात. फोन आडवा केला की सगळी निवड पुसली जाते. निवड रद्द करायला मागे जावे, तर अ‍ॅपच बंद होते. डिलीट करताना आपण ‘नक्की?’ विचारता, पण किती ते सांगत नाही. टॉकबॅकवर कानांनी फोन वापरणाऱ्यांना तर कोणती ओळ निवडली गेली, हेही ऐकू येत नाही. त्यांनी बहुधा अंदाजाने पुसायचे.

यातले काहीही नव्याने शोधायचे नाही. ओळखक्रमांकाने निवड लक्षात ठेवणारी आणि फोन आडवा झाला तरी ती टिकवण्याची सोय देणारी रीसायकलरव्ह्यू-सिलेक्शन ही लायब्ररी गूगल फुकट देते. तिच्यात बोट ओढून सलग ओळीही निवडता येतात. मग आपल्याकडे निवडीचे बटण, आकडा, ‘मागे’ची व टॉकबॅकची दुरुस्ती आणि चुकून पुसलेले परत आणण्याची सोय, एवढेच उरते.

तेव्हा पुढच्या अपडेटखाली ‘किरकोळ दोष दूर केले’ असे लिहिण्याआधी हे दोष खरोखर दूर करावेत. ते जमेपर्यंत डिलीटचे बटण तेवढे काढून ठेवावे, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला,
एक ग्राहक