तात्यांचा निखात निधी

गुप्तधन शोधणाऱ्यांची आपल्याकडे सरळ दोन घराणी आहेत. जुन्या घराण्याला पायाळू माणूस लागतो, अमावस्या लागते, लिंबू-नारळ लागतात, डोळ्यांत घालायला अंजन लागतं आणि शेवटी पोलीस लागतात. यातले काही जण मांडुळासारख्या निरुपद्रवी सापाला दुतोंड्या समजून पोत्यात भरतात, तर काही जण तांदूळ ओढून घेणारं तांब्याचं भांडं, म्हणजे ‘राइस पुलर’, विकत घ्यायला नोटांची पिशवी घेऊन जातात आणि रिकाम्या पिशवीनिशी परत येतात. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांची दखल २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेच घेतली आहे, तेव्हा त्या घराण्याचं इथेच पुरे. नव्या घराण्याला फक्त चार्ज केलेली बॅटरी लागते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठचे तात्या या नव्या घराण्यातले.

तात्या निवृत्त तलाठी. उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी करण्यात गेली. सातबाऱ्यावर क्षेत्र येतं, आकार येतो, पीक येतं, सोसायटीचा बोजा येतो, पण जमिनीच्या पोटात काय आहे याला रकाना नाही, ही खंत त्यांना नोकरीत असल्यापासून होती. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा मुलगा म्हणाला, गाडी घ्या. काकू म्हणाल्या, नाशिकला एखादा फ्लॅट बघा. तात्यांनी ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. कशाला, असं विचारल्यावर एवढंच म्हणाले, “रकाना भरायचाय.”

पायात गमबूट, कमरेला खुरपं, कानटोपीवर हेडफोन आणि खांद्याच्या शबनममध्ये लाल बांधणीची नोंदवही, असे तात्या सकाळी उतारावरच्या वावरात दिसतात. हातातल्या दांड्याच्या टोकाला चकती, आणि ती जमिनीला न टेकवता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. लांबून पाहणाऱ्याला म्हातारा माणूस अख्खा डोंगर पुसायला निघालाय असं वाटतं.

आता पेठसारख्या तालुक्यात धन आलं कुठून? सावळघाट उतरून कोटंबीच्या घाटाला लागलं की दिसतं ते नागली-वरईचे उतार, भाताची खाचरं आणि पावसाळ्यात सहा फुटांपलीकडचं दिसू न देणारं धुकं. इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पुरलं असेल तर बियाण्याचं धान्य. पण हे तात्यांना सांगायची सोय नाही. त्यांच्याकडे तीन पुरावे तयार असतात, आणि एस. टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ते त्यांनी ऐकवले नाहीत असं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

पुरावा पहिला, सुरतेची लूट. महाराजांनी सुरत दोनदा लुटली, १६६४मध्ये आणि १६७०मध्ये. दुसऱ्या खेपेला परतताना १७ ऑक्टोबर १६७० रोजी वणी-दिंडोरीजवळ मोगलांच्या दाऊदखानाशी मोठी लढाई झाली. दिंडोरी तालुका आपल्या शेजारी. “एवढी धुमश्चक्री झाली, एवढे घोडे, एवढे बैल. एक गोणी तरी घसरलीच असेल की!” तात्यांचा सगळा इतिहास या ‘घसरलीच असेल’वर उभा आहे. महाराजांच्या माणसांनी ती लूट सांभाळून नेली म्हणून तर ते महाराज, असं कोणी म्हटलं की तात्या त्याच्या चहाचे पैसे देत नाहीत.

पुरावा दुसरा, पेठ संस्थान. हे मात्र खरं, पेठ एके काळी संस्थान होतं. १८५७च्या उठावात तेव्हाच्या संस्थानातला हरसूलचा बाजार लुटला गेला आणि उठावात हात असल्याच्या आरोपावरून इथले भगवंतराव फासावर गेले. पुढे १८७८मध्ये इथली बेगम वारली आणि संस्थान खालसा झालं. “इंग्रज येणार हे दिसत असताना कोणी दागिने कपाटात ठेवतं का?” असं तात्या विचारतात. त्या काळी घरोघरी कपाटं नव्हती, हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत तात्या तिसऱ्या पुराव्यावर पोचलेले असतात.

तिसरा पुरावा खरोखर बिनतोड. नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला १९०६मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांच्या वर, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. म्हणजे शत्रूला हरवलं आणि त्याची नाणी न वितळवता त्यावरच आपला शिक्का उठवला. तात्या याला ‘इतिहासातला सर्वांत मोठा फेरफार’ म्हणतात. नाणी कशी वाचायची हे समजून घ्यायला ते अंजनेरीच्या नाणी संशोधन संस्थेतलं संग्रहालयही पाहून आले. तिथून आल्यावर काही दिवस किराणा आणताना मिळालेल्या सुट्ट्या पैशांवरही भिंग फिरायचं.

यंत्राचं शास्त्र मात्र तात्यांनी मनापासून शिकून घेतलं आहे, आणि ते शिकवतातही छान. चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता प्रवाह सोडला की खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते मातीतल्या धातूत शिरलं की धातूतही भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उलट वर येतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. कान टुणकतो. “म्हणजे धातू स्वतःहून ओ देत नाही. आपण हाक मारायची, मग तो ओ देतो. तलाठ्याकडे खातेदार येतो तसंच.” चकती जमिनीला समांतर हवी, झोका संपताना वर उचलायची नाही, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढला पाहिजे, नाहीतर मधल्या पट्ट्या कोऱ्या राहतात. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागते. दहा हात खाली मोहरांचा हंडा दाखवणारं यंत्र कोणी विकत असेल तर खिसा धरून पळावं, असंही ते बजावतात. टपरीवरची पोरं विचारतात, “मग तात्या, हंडे तर खोलच पुरलेले असणार ना?” यावर तात्या चहाला फुंकर घालतात.

शास्त्र एवढं सरळ, पण सह्याद्री वाकडा. आपला काळा पाषाण आणि त्याची माती यांत लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे यंत्र काहीही नसताना कुरकुरतं. त्याला आधी त्या जमिनीशी जुळवून घ्यायला शिकवावं लागतं. चकती एकाच जागी वर-खाली करत कुरकुर थांबेपर्यंत खुंटी फिरवायची. तात्यांना यात नोकरीतल्या पहिल्या बदलीची आठवण येते. अडचण आली की बेलसाहेबांचा दाखला. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असलंच यंत्र बनवलं होतं. गोळी काही सापडली नाही. पलंगात लोखंडी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी यंत्राला भलतंच ऐकवलं, असं मागाहून सांगितलं गेलं. “बेलसाहेबाला पलंग नडला,” तात्या म्हणतात, “मला हापसा नडतो.”

खरी गोम पुढे आहे. यंत्रावर आकडा उमटतो. लोखंड अगदी खालच्या आकड्यांत, चांदी-तांबं वरच्या आकड्यांत आणि सोन्याची अंगठी मधल्या आकड्यांत. पण त्याच मधल्या आकड्यांत औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी कागदी पाठ आणि थंड पेयाच्या डब्याची कडीही येते. परमेश्वराने आणि ॲल्युमिनियमवाल्यांनी मिळून केलेली ही थट्टा आहे. यंत्राला लोखंड ऐकू येऊ नये अशी एक कळ असते. ती तात्यांनी पहिल्या दिवशीच दाबली आणि तशीच ठेवली. सरकारी भाषेत सांगायचं तर, लोखंडाचे अर्ज तात्यांनी दाखल करूनच घेतले नाहीत.

नोंदवही पाहिली तर माणूस कळतो. अनुक्रमांक, गट नंबर, चतुःसीमा, खोली, वस्तूचं वर्णन, शेरा. “पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस मोहाचं झाड, खोली चार बोटं, ॲसिडिटीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, शेरा : मुदत संपलेली.” असे पानंच्या पानं पंचनामे. अधूनमधून एखादं बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू. आणि एका पानावर लाल शाईने चौकट : भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ या काळातला तो मधोमध भोक असलेला ब्राँझचा पैसा तात्यांनी उतारावरच्या दगडाखालून काढला, तेव्हा त्यांचा आनंद करंजाळीपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

आणि तिथून सुरू झाला कायदा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. बेगम वारली तेच साल! तात्यांच्या मते हा योगायोग नाही. कायदा सांगतो, जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की तिचं स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची. न कळवल्यास वर्षभर तुरुंग, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. दीडशे वर्षांत राज्यं गेली, दर गेले, दहा रुपयांची मर्यादा तशीच आहे. आता भोकाचा पैसा दहा रुपयांच्या वरचा की खालचा? वर लिहिलेल्या किमतीने पाहिलं तर रुपयाचा चौसष्टावा हिस्सा. जुन्या नाण्यांच्या बाजाराने पाहिलं तर कोण जाणे. या प्रश्नावर तात्यांनी टपरीवर तीन सभा घेतल्या आणि शेवटी पोच मागण्यासाठी दोन प्रती काढून अर्ज लिहून काढला. काकूंनी तो वाचला आणि त्यावर पोळ्यांचा डबा ठेवला.

कायद्यातली वाटणी मात्र तात्यांना तोंडपाठ. धनी न मिळालेल्या निधीत, आधी वेगळा करार नसेल तर, तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला. वावरात शिरण्याआधी मालकाची परवानगी घेण्याचा त्यांचा नियम आहे, आणि परवानगी मागतानाच ते ही वाटणी सांगून टाकतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळत नाही. “वावर माझं, बांध माझा आन मला चार आणे?” असं एका शेतकऱ्याने विचारलं, तेव्हा तात्या म्हणाले, “सरकारने ठरवलं तर ते सगळंच घेईल, पण धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा देईल.” शेतकऱ्याने कुत्रं सोडलं.

बाकी तात्या सज्जन. किल्ल्यावर, लेण्यावर, देवळात यंत्र नेत नाहीत. संरक्षित ठिकाणी परवान्याशिवाय उकरणं हा गुन्हा आहे हे पोरांना दटावून सांगतात. काढलेला खड्डा परत बुजवून वर तोच गवताचा तुकडा बसवतात. ‘छावा’ सिनेमा आल्यावर २०२५मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन माणसं शेतं उकरायला धावली, ती बातमी वाचून तात्या संतापले होते. “ना गट नंबर, ना पंचनामा, ना खड्डा बुजवणं!” लोक मोहरा शोधत होते याबद्दल मात्र अवाक्षर नाही. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत मजुरांना २१६ सोन्याची नाणी सापडली आणि प्रकरण पोलिसांत गेलं, ते कात्रण त्यांनी वहीत चिकटवलं आहे. उत्तर प्रदेशात २०१३मध्ये एका साधूच्या स्वप्नावरून हजार टन सोन्यासाठी सरकारी खोदकाम झालं आणि सोनं काही निघालं नाही, ते कात्रण काकूंनी चिकटवलं आहे. समोरच्याच पानावर.

एकदाच तात्यांचा तोल गेला. एका पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा खांब पाहिला. त्यावर वाघ, वर चंद्र, वर सूर्य. चंद्र-सूर्य म्हणजे धनाची खूण, असं जुन्या घराण्याकडून कधीतरी ऐकलेलं. हात शिवशिवले, यंत्र सुरू झालं. मागून एक म्हातारी आली. “तलाठी भाऊसाहेब, त्याच्या खाली काय नाय. तो हाय म्हणून आमची गुरं हायेत.” तात्यांनी यंत्र बंद केलं, देवाला नारळ फोडला आणि वहीत नोंद केली : “गट नंबर अमुक, मालक वाघ, हरकत नोंदवली.”

गेल्या आवणीला मात्र इतिहास घडला. खाचरात चिखल तुडवताना एका सुनेच्या पायातलं चांदीचं जोडवं गेलं. सासूने आकाश-पाताळ एक केलं. कोणीतरी तात्यांना आणलं. यंत्राचा डबा इरल्याखाली छातीशी धरून, चकती चिखलावरून सरकवत तात्या गुडघाभर पाण्यात फिरले. वरचा आकडा उमटला. तात्यांनी हात घातला आणि जोडवं बाहेर! आवणीची गाणी थांबली, बायांनी गलका केला. आयुष्यातली पहिली चांदी.

तात्या बांधावर बसले, वही काढली, आणि तिथेच त्यांचा चेहरा पडला. जोडवं दडवलेलं नव्हतं, पडलेलं होतं. धनी तर समोर उभा. म्हणजे निखात निधी नाहीच. जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं काय? तीन हिस्से कशातले?

“तात्या, आता माझा इळा बघा ना,” पलीकडच्या खाचरातून एक बाई म्हणाली. “दोन दिस झालं, गवसत नाय.” लगेच दुसरीचा पहारीचा प्रश्न आला. कोणाचा नांगराचा फाळ, कोणाचा पाण्याच्या पाइपाचा सांधा. अख्ख्या शिवारात बुडालेलं लोखंड एकदम बोलायला लागलं.

“लोखंडाला माझं मशीन बंद असतं,” तात्या ताठपणे म्हणाले.

“मग चालू करा की.”

तात्यांनी थोडा विचार केला. चष्मा पुसला. मग वहीचं नवं पान उघडून त्यावर रूळ धरून उभ्या रेघा मारल्या आणि आजवर नसलेला एक रकाना आखला : मालकाचं नाव.

“एकेक जण या,” ते म्हणाले. “आणि अर्ज लेखी लागेल.”

“इळा माझा, वावर माझं, मग अर्ज कशाला?”

“पोच कशी देणार मग?” तात्या म्हणाले, आणि कळ फिरवून पुन्हा चिखलात उतरले.