सर्व्हरचे किती वाजले?

लग्नाची पत्रिका हातात आली की साधारण माणूस आधी कार्यालय कुठलं ते पाहतो, मग जेवणाची वेळ पाहतो. सर्व्हरभाऊ मुहूर्त पाहतात आणि त्यातून साडेचार तास वजा करतात. "गोरज मुहूर्त, सहा वाजून एकवीस मिनिटं. माघ म्हणजे हिवाळी हिशेब. सर्व्हरचे एक एक्कावन्न. जमते!" एवढा चोख हिशेब करून भाऊ लग्नाला पोचतात तेव्हा आइस्क्रीमच्या काउंटरवरचा माणूस डबे धूत असतो.

असा एक नग तुमच्याही बिल्डिंगमध्ये असणारच, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही. आमचा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. खरं नाव पाटीवर आहे, पण ते कुरिअरवाल्याखेरीज कोणी वाचत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलवा, "दोन वाजता पानं वाढू" म्हणा, भाऊ पुटपुटतात, "म्हणजे साडेदहा. एवढ्या सकाळी जेवण?" भाद्रपदात वजाबाकी साडेतीनची असते, हे तोवर आपल्यालाही पाठ झालेलं असतं. एकदा बिल्डिंगमधल्या एका आजोबांना अंबाझरी घाटावर चारला न्यायचं ठरलं, तेव्हाही "साडेबारा" हा उद्गार निघालाच. वहिनींनी कोपराने ढोसलं म्हणून पुढचं वाक्य राहिलं.

हे सगळं सुरू झालं २००७च्या सुमारास. त्यांच्या घरी ब्रॉडबँड आलं आणि पाठोपाठ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ आला. तो अमेरिकेत २३ नोव्हेंबर २००४ला निघाला, युरोपात ११ फेब्रुवारी २००५ला, आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर दोन वर्षांनी. भाऊंनी युरोपचा सर्व्हर धरला. तिथे जर्मन, पोलिश, स्वीडिश अशा मंडळींचा एक गिल्ड होता. ठरलेल्या रात्री पंचवीस जणांनी मिळून एका गुहेत शिरायचं आणि आतल्या राक्षसाला लोळवायचं. भाऊ त्यात वैद्य. मारामारी बाकीचे करणार, मार खाल्लेल्यांना भाऊ बरे करणार. घरी कोणाला ताप आला तर क्रोसिन कुठल्या डब्यात आहे ते मात्र वहिनींनाच विचारावं लागतं.

मोहिमेची वेळ सर्व्हरची रात्री आठ. सर्व्हर चालतो पॅरिसच्या घड्याळाने. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा, कारण तिकडचे लोक मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे सारतात आणि ऑक्टोबरअखेर मागे ओढतात. त्यात त्या काळी बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, म्हणून खेळाचे जाडजूड पॅच उतरवायला दोननंतर जागायचं. भारनियमनाचं वेळापत्रक आणखी तिसरं. या सगळ्यात ऑफिसच्या दहाला जागा कुठे उरणार? सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसला भाऊ निघत तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची धुणी वाळलेली असायची.

मग वहिनींनी एका रात्री दोन वाजता दारात उभं राहून हुकूम काढला, "खेळा, पण घड्याळ पाहून खेळा!"

नवऱ्यांनी बायकोचं बोलणं शब्दशः ऐकण्याचे प्रसंग संसारात फार थोडे. त्यांतला हा एक. खेळ सुरू झाला की पूर्ण पडदा व्यापून टाकतो, खालच्या कोपऱ्यातलं कॉम्प्युटरचं घड्याळ झाकलं जातं. खेळाच्या नकाशाजवळ एक गोल चकती होती, तीत दिवसा सूर्य आणि रात्री चंद्र. कर्सर तिच्यावर नेला तर वेळ दिसायची, पण ती सर्व्हरची. नागपुरात किती वाजले हे सांगणारं त्या दुनियेत काहीच नव्हतं. तेव्हा भाऊंनी घड्याळाचं ॲड-ऑन बसवायला घेतलं. वहिनींच्या आज्ञेचं पालन म्हणून ते सलग काही रात्री झोपले नाहीत.

ॲड-ऑन म्हणजे कुठल्या तरी देशातल्या कोण्या हौशी माणसाने लुआ नावाच्या भाषेत लिहिलेल्या चार-दोन फायली. फुकट मिळतात. झिप उतरवायची, उघडायची आणि खेळाच्या 'इंटरफेस'मधल्या 'ॲडऑन्स' फोल्डरात ठेवायची. एवढं सोपं. पण झिप उघडताना कॉम्प्युटर आपल्या मनाने त्याच नावाचं आणखी एक फोल्डर बाहेर गुंडाळतो, आणि सांबारवडीत पुन्हा सांबारवडी भरल्यावर खाणाऱ्याला सारण सापडू नये तसं खेळाचं होतं. त्याला आतलं घड्याळ दिसतच नाही. भाऊंना हे कळायला बराच काळ गेला. मला हे इतकं तपशिलात माहीत आहे, कारण ते प्रत्येक पायरी दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगत, आणि मी भाजीची पिशवी घेऊन उभा असे.

घड्याळ यादीत दिसलं, पण शेजारी शेरा: हे ॲड-ऑन जुनं झालं आहे. खेळाचा नवा पॅच आला की जुन्या फायलींचा आतला क्रमांक जुळत नाही. तिथेच एक चौकोन असतो, त्यात टिक केली की खेळ जुनं ॲड-ऑनही चालवून घेतो. भाऊंनी टिक केली. वहिनी मागे चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ही सोय नीट समजून घेतली आणि म्हणाल्या, "ही टिक तर मी केव्हाचीच करून ठेवली आहे."

आता खरी गंमत. हे घड्याळ कॉम्प्युटरची वेळ वाचायचं नाही. सर्व्हरची वेळ घ्यायचं आणि तुम्ही सांगाल तितके तास तिच्यात मिळवायचं. तितके *तास*. अर्ध्या तासाची सोयच नव्हती. लिहिणाऱ्याने जगाचे चोवीस सरळ तुकडे धरलेले, त्यात साडेपाचवाला देश कुठे बसणार? (नेपाळ तर पावणेसहा आहे. काठमांडूत कोणी हे ॲड-ऑन बसवलं असेल तर त्याच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगावा.) साडेचारऐवजी चार घातल्यावर घड्याळ अर्धा तास मागे पडलं, आणि पुढचा पूर्ण हिवाळा भाऊ संपूर्ण सचोटीने सांगत राहिले, "घड्याळ पाहूनच खेळून राहिलो, पाहा ना, साडेअकराच झाले." शेजारच्या खोलीत भिंतीवर बारा वाजलेले असत.

तरी अर्धा तास त्यांना डाचत होताच. त्यांनी त्या अनोळखी लेखकाला पत्र धाडलं. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, ती साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरून, मिर्झापूरजवळून मोजतात, वगैरे सगळं त्यात होतं. काही आठवड्यांनी नवी आवृत्ती आली, तीत अर्ध्या तासाचा टप्पा होता! भाऊंनी पेढे नाही, चक्क संत्रा बर्फी वाटली. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबाला दिवा लावावा म्हणून याच माणसाने याच काळात अर्ज केला होता. खांब अजून अंधारात आहे.

त्या पत्रासाठी केलेला रेखांशाचा अभ्यास मात्र आमच्यावर उलटला. सोसायटीच्या मीटिंगला भाऊ आले चाळीस मिनिटं उशिरा. सचिवांनी घड्याळ दाखवल्यावर शांतपणे म्हणाले, "हा उशीर नाही भाऊ, रेखांश आहे. नागपूर एकोणऐंशीच्या जरा पुढे, वेळ साडेब्याऐंशीची. सूर्य आपल्याकडे साडेतेरा मिनिटं मागून येते. झिरो माइलचा खांब आपल्याकडे, देशाचा मध्य आपण मिरवायचा आणि वेळ मिर्झापूरची पाळायची, हे काय झालं?" सचिव शाळेत गणित शिकवलेले. म्हणाले, "साडेतेरा सोडली. उरलेली साडेसव्वीस कुठली?" भाऊ जराही अडखळले नाहीत. "मुंबईनं नाही का आपली वेळ चालवली एकोणचाळीस मिनिटं मागे? १९५५ पर्यंत!" पाण्याच्या टाकीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, आणि पुढच्या मीटिंगपासून नोटिशीत 'प्रमाणवेळेनुसार' हा शब्द कायमचा आला.

इतक्या बेशिस्त माणसाबद्दल गिल्डमध्ये काय मत असेल? एकदा त्यांनी मला हेडफोन लावायला दिला. सर्व्हरचे सात पंचेचाळीस. भाऊ हजर. तिकडून कोणी तरी इंग्रजीत म्हणालं, "इंडिया आला, आता घड्याळ लावून घ्या." त्या पंचवीस जणांत सगळ्यांत आधी येणारा, कधीही न चुकणारा माणूस हा होता. जर्मनीतल्या दोघा-चौघांची आजही अशी पक्की समजूत असेल की भारतीय लोक वेळेचे फार काटेकोर. मी त्यांना लिहून कळवणार होतो. मग देशाचा विचार केला आणि गप्प बसलो.

मे महिन्यात माइकमधून कूलरची घरघर जायची. एका स्वीडिश माणसाने विचारलं होतं, तू विमानतळावर राहतोस का? पुढे त्यांना त्याचीच सवय झाली. घरघर थांबली की समजायचं नागपूरला लाइन गेली, यूपीएसवर आठ-दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात राक्षस पाडा, नाही तर वैद्य जाणार. नवतपाच्या त्या रात्रींत चोवीस परकी माणसं आपल्या विजेच्या भरवशावर लढत होती.

मी विचारलं, "तिथे पंधरा मिनिटं आधी, आणि इथे?"

"तिथे चोवीस जण थांबून असतात ना," भाऊ म्हणाले. "मी गेलो नाही तर आत शिरत नाहीत. इथे माझ्यासाठी कोण थांबते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आइस्क्रीमचे डबे तर माझ्यासाठीही थांबत नाहीत.

२००८ साली खेळवाल्यांनी स्वतःच नकाशाला घड्याळ जोडून दिलं. गजर, स्टॉपवॉच, इथली वेळ, सर्व्हरची वेळ, सगळं त्यात. ॲड-ऑनची गरज संपली. भाऊंनी ते काढलं नाही. पडद्यावर दोन घड्याळं, दोन्ही बरोबर. "बर्फी वाटलेली आहे," असं कारण दिलं. मग गिल्डमधल्यांची लग्नं झाली, पोरं झाली, कोणाला रात्रपाळी लागली. पंचवीसचे दहा झाले, दहाचे चार. शेवटी शेवटी भाऊ सर्व्हरच्या पावणेआठला जाऊन बसत आणि आठ वाजता कोणीच येत नसे. साडेआठला बंद करून झोपत. वहिनींना हवं होतं ते घड्याळ पाहून खेळणं हेच होतं, पण तेव्हा त्यांना त्याचं काही सुख झालेलं दिसलं नाही.

भाऊंची मुलगी दोन वर्षांपूर्वी जर्मनीत आखेनला शिकायला गेली. पहिल्या हिवाळ्यात वहिनी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या राहून बोटांवर तास मोजत आणि दर वेळी चुकत. पोरीला पहाटे चारला उठवून 'जेवलीस का' विचारून झालं होतं. भाऊ पलंगावरून, डोळेही न उघडता सांगत, "आता नको, क्लासमध्ये आहे. सर्व्हरचे दहा झाले." हा माणूस बिल्डिंगमध्ये पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होता. आता तर वहिनीही भाजीवाल्याशी बोलता बोलता थबकतात आणि म्हणतात, "थांबा हो, सर्व्हरचे साडेसात, ती उठली असेल." आखेनला सर्व्हर म्हणतात त्या. त्यांना काही चूक वाटत नाही आणि आता मलाही वाटेनासं झालं आहे. रात्री साडेबाराला दुसऱ्या मजल्यावर पुन्हा दिवा दिसतो. पोरगी जेवून फोन करते, आणि भाऊ सव्वाबारापासून फोन हातात घेऊन बसलेले असतात.

तुमचंही कोणी तिकडे असेल तर एवढं लक्षात ठेवा: मार्चच्या शेवटच्या रविवारी आपल्या सकाळी साडेसहाला तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्याच वेळी मागे येतात. त्या आठवड्यात गोंधळ उडाला तर त्रिमूर्तीनगरला येऊन दुसऱ्या मजल्यावर बिनधास्त बेल वाजवा, वेळ मिनिटासकट बरोबर मिळेल. फक्त त्यांना लग्नाला न्यायचं असेल तर रिक्षा तुमची घेऊन या आणि तासभर आधी या.