मुक्काम पोस्ट : दख्खनची राणी

मनुष्य शहरात जातो तो पोटासाठी किंवा प्रकृतीसाठी, असा जो सर्वसाधारण समज आहे, त्यास अनुसरून मी उमेदीच्या वयात मुंबईस एका कचेरीत रुजू झालो. आणि गिरगावातल्या चाळीच्या सार्वजनिक नळाखाली पहाटे चार वाजता बादली लावण्याचे व्रत सात वर्षे पाळल्यावर, मुंबई हे पगार घेण्याचे ठिकाण असून जगण्याचे ठिकाण पुणे होय, अशा निष्कर्षाप्रत येऊन सहकुटुंब सदाशिव पेठेत डेरेदाखल झालो. दुपारची वामकुक्षी, संध्याकाळी पर्वती, आणि 1875 पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेत मागल्या रांगेत बसून वक्त्याच्या उणिवा काढणे, एवढ्याच माफक सुखांची माझी दरखास्त होती. नोकरी मात्र मुंबईचीच राहिली, कारण सुखाची तरतूद आमच्या कचेरीच्या अंदाजपत्रकात नव्हती.

ही दोन टोके जुळवण्याचे काम 1 जून 1930 रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीने शिरावर घेतले. सकाळी सव्वासातला पुणे सोडावे, साडेदहाच्या आत बोरीबंदर गाठावे, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी उलटे फिरावे आणि साडेआठच्या सुमारास पुण्यात उतरावे. जाऊनयेऊन 384 किलोमीटर आणि साडेसहा तास. परिणामी ज्या पुण्यासाठी पुण्यात आलो ते पुणे मी निघतो तेव्हा दूधवाल्यांच्या ताब्यात असते, आणि परततो तेव्हा दुकानदार फळ्या लावीत असतात. व्याख्यानाचा विषय मी घरी परतणाऱ्या श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून ताडतो.

तरीही मी सुखाला पारखा झालो, असे म्हणवत नाही. वामकुक्षी मी सकाळीच, लोणावळा सुटल्यावर बोरघाटाच्या बोगद्यांत उरकतो. 1863 मध्ये खुला झालेला हा लोहमार्ग काही ठिकाणी 37 फुटांस एक फूट उतरतो, आणि त्या उतारावर माझी मानही त्याच प्रमाणात उतरत जाते. चार गुडघ्यांवर पंचा अंथरून मांडलेला रमीचा डाव, भोजनयानातले ऑम्लेट, आणि दर 1 जूनला पासधारकांनी हौसेने साजरा केलेला गाडीचा वाढदिवस, हीच आमची संस्कृती. वाड्यात कोणाचे बारसे झाले ते मला पोर चालू लागल्यावर कळते. परंतु समोरच्या बाकावरील गृहस्थांच्या कन्येचे लग्न मानपानात अडले की हुंड्यात, याची मला साद्यंत माहिती असते.

शिरगणतीचा कारकून आला, तेव्हा "यजमानांचा नेहमीचा रहिवास?" या प्रश्नावर कुटुंबाने क्षणभर विचार केला आणि म्हटले, "खिडकीजवळ."

या उत्तराने माझा स्वाभिमान डिवचला जाऊन मी एक दिवसाची किरकोळ रजा काढली, आणि अस्सल पुणेकराप्रमाणे जेवून, दार लावून, बरोबर दीड वाजता खाटेवर अंग टाकले. अडीच वाजले तरी डोळा लागेना. घर कमालीचे स्थिर होते. अखेर, परतीच्या वाटेवर कर्जतला गाडीस मागून इंजिने जोडतात त्या हिसक्याचे वर्णन माझ्याकडून हजारदा ऐकलेल्या कुटुंबाने स्वयंपाकघरातून विचारले,

"अहो, येऊ का? खाटेला मागून एक धक्का देते!"