हिवरे बाजार, ताशी दीड हजार

नगरच्या माळीवाडा स्टँडवर एसटीत खिडकीशी बसलो होतो. गाडी हलली. सुटलो एकदाचे, म्हणून खाऱ्या दाण्यांची पुडी सोडली. बघतो तर हलली होती शेजारची गाडी; आमचे कंडक्टर खाली चहा फुंकत उभे. आमची गाडी खरोखर सुटली तेव्हा पुडीत फक्त मीठ उरलं होतं.

हिवरे बाजारला पोचल्यावर हे आत्याला सांगितलं आणि त्या भरात विज्ञानही सोडलं नाही. "आत्या, तू ओट्यावर बसलीयस असं तुला वाटतंय. हा ओटा गोठ्यासकट पूर्वेकडं ताशी १,५८० किलोमीटरनं पळतोय. वर सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर, ते वेगळंच."

आत्याची मेथी निवडणं थांबलं नाही. "मग माठातलं पाणी कसं हिंदकळत न्हाई?"

प्रश्न गॅलिलिओच्या तोडीचा होता. त्यानं १६३२ साली संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीतलं उदाहरण दिलं: टांगलेल्या भांड्यातला थेंब बरोबर खालच्या भांड्यातच पडतो. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सन ४९९ मध्ये, आर्यभटानं नावेतल्या माणसाला मागे जाणारा काठ दाखवून ताऱ्यांचं पश्चिमेला सरकणं समजावलं. त्या काळी एसटी नव्हती, नाव शोधावी लागली.

माठ, पाणी, हवा, आत्या, सगळ्यांचा वेग एकच. अंगाला कळतो तो बदल: गचका, ब्रेक, वळण. पृथ्वीचं वळण तर एवढं ऐसपैस की ५० किलो कांदा ताणकाट्याला लावला, तर या फिरण्यापायी जेमतेम दीडशे ग्रॅम कमी भरेल.

"म्हंजे कांद्याची पट्टी कमी येती ती ह्याच्यामुळं?"

त्याला आर्यभटाकडेही उत्तर नसावं.

इतका वेळ गप्प असलेले आतोबा म्हणाले, "पूर्वी आमच्या गावात पृथ्वी फिरताना जाणवायची काही जणांना. रोज रात्री. दारूबंदी झाली आन् थांबली."

पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतरची ही गोष्ट. बरंच काही बंद झालं: झाडावर कुऱ्हाड, मोकाट चराई, शेतीसाठी बोअर. माझ्या मते या गावाला सापेक्ष गतीचं मर्म आपल्यापेक्षा जास्त कळलंय. जमिनीखालचं पाणी रोज बोटभर उतरलं तर जाणवतं कुणाला? म्हणून हे लोक पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. जाणवण्यावर त्यांचा भरवसा नाही.

"तुझ्या त्या दीड हजाराचा ताळेबंद मांडतं का कुणी?" आत्यानं विचारलं आणि मेथीच्या काड्या माझ्याकडे सरकवल्या.

परतताना माळीवाड्याला शेजारच्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. नजर स्टँडच्या खांबावर ठेवली. तोही दीड हजारानं पळतोय, ठाऊक होतं; पण दाण्यांच्या पुडीपुरता चालतो. खांब मागे सरकला, मगच दोरा सोडला.