खापरांची उस्तवार
लंडनच्या हॅक्नी भागातल्या मॉर्टिमर व्हीलर हाउसमध्ये शहराच्या पोटातून निघालेल्या वस्तूंची खोकी रचलेली असतात. २०१२ साली गिनीजनं इथल्या साठ्याला जगातलं सर्वांत मोठं पुरातत्त्वीय संग्रहण ठरवलं. म्हणजे अडगळीतही पहिला नंबर! व्हीलरसाहेब १९४४ ते १९४८ आपल्याकडच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक. शिस्तीला भारी कडक. त्यांच्या नावाच्या इमारतीत हौशी स्वयंसेवक जुन्या पिशव्यांतली खापरं नव्या पिशव्यांत भरतात, चिठ्ठीवर उत्खननाचा संकेतांक नि थराचा क्रमांक बिनचूक लिहितात. याच मंडळींना घरच्या डब्यावर ‘हळद’ लिहायला सांगून बघा! चिठ्ठी हरवली, की कुठल्याही संग्रहालयात रोमन खापराचं नुसतं खापर होतं. ते फोडायला मग बिनपगारी डोकं हाताशी असतंच.