पाण्याकाठी पंगत आणि गावभर बोभाटा

ऐकलंत का? महाड-पोलादपूरच्या लोकांना म्हणे आता घरातलं जेवण गोड लागत नाही. भात तोच, कालवण तेच, पण समोर पाणी दिसल्याशिवाय घास खाली उतरत नाही. शनिवारची संध्याकाळ झाली की गाड्या निघाल्या सावित्रीच्या, नाहीतर काळ नदीच्या दिशेने. कुठे निघालात म्हणून विचारावं, तर उत्तर येतं, "जरा जेवून येतो." घरात गॅस असताना! आणि ज्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात बाहेरचा चहासुद्धा घेतला नाही, त्या पुढच्या सीटवर पदर सावरून बसलेल्या. सून मागे. आता बोला!

हायवेला तर पाट्यांचं पीक आलंय. सावित्री महाबळेश्वराहून उतरून पोलादपुरावरून महाडात येते आणि पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. एवढ्या वाटेत जिथे म्हणून तिचं दर्शन होतं, तिथे कुणीतरी खुर्च्या मांडून ‘रिव्हर व्ह्यू’ लिहायला टपलेलाच. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तो व्ह्यू खरा असतो, त्याला नाव ठेवणार नाही. पण मे महिन्यात जाऊन बघा. नदी कोंडीत दडून बसलेली, बाकी सगळा धोंड्यांचा व्ह्यू. तरी माणसं हौसेने काठाकडचं टेबल मागतात. धोंडे बघायला वेटरला आगाऊ फोन!

पानात काय, ते विचारूच नका. नदीकाठी बसून मागवतात सुरमई. अहो, सुरमई खाऱ्या पाण्यातली, बर्फाच्या पेटीतून आलेली. समोरची सावित्री तिला ओळखतही नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, शेतात मुठे सापडतात, रानात शेवळं, टाकळा, भारंगी उगवते. यातलं एक नाव मेन्यूकार्डावर दाखवा. ते सगळं घरी आजी करते तेव्हा पोरं नाक मुरडतात आणि काठावर येऊन पनीर टिक्का चिवडतात. वर तहान लागली की बाटलीबंद पाणी. समोर अख्खी नदी वाहतेय आणि माणसं पाणी विकत घेऊन पिताहेत! महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आल्यापासून नदीचं पाणी ओंजळीने प्यायची हिंमत कुणी करत नाही, हे खरं. पण मग नदीकडे बघून ‘वॉव’ म्हणायची तरी हिंमत कशी होते, एवढंच पारावरच्या मंडळींचं म्हणणं.

आता यातली सर्वात खमंग बातमी. नुसतं पाणी पुरत नाही, त्यांना शेजारी नाटकही पाहिजे! हे खूळ आणलं चाकरमान्यांनी. ठाण्यात त्यांनी बघितलंय ना : गडकरी रंगायतन १९७८ सालापासून मासुंदा तलावाच्या काठी उभं आहे. तलावपाळीवर भेळ खायची, पोरांना आइस्क्रीम द्यायचं, नाटकाला शिरायचं आणि मध्यंतरात बटाटावडा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८चं, मुठा नदीच्या कुशीत. पणजीत तर चार्ल्स कोरिया यांनी कला अकादमी मांडवीलाच टेकवून बांधली. तिथलं कोंकणी नाटक, तियात्र, बघून बाहेर पडलं की वारा थेट नदीवरचा. हे सगळं बघून आलेला पाहुणा गणपतीत गावी येतो आणि अंगणात उभा राहून विचारतो, "वहिनी, आपल्याकडे असं काही नाही का गं?" वहिनींचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. गौरीचा नैवेद्य व्हायचाय, आणि भावजींना लेकसाइड थिएटर हवंय.

शिवाय हा बेत दिसतो तितका सोपा नाही. नाटक रात्री साडेआठचं. आधी जेवावं तर पहिल्या अंकात डुलकी, नंतर जेवावं तर हॉटेलच्या खुर्च्या टेबलावर उलट्या. मध्यंतरात वड्यावर भागवावं, तर मग पाण्याकाठच्या टेबलाचं काय? यावर एका घरात दोन दिवस अबोला होता म्हणे. अखेर तह झाला : नवऱ्याने नाटक बघायचं, बायकोने जेवायचं, आणि गोष्ट एकमेकांना सांगायची.

आणि आपल्याकडे काही नव्हतं असं कोण म्हणतं? महाशिवरात्रीनंतर वीरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या ग्रामदेवतांच्या पालख्या महाडात येतात. ढोल, सनई, रात्रभर जाग, आणि बाजूला भजी-जिलेबीच्या कढया. वाड्यांवर शक्ती-तुऱ्याचे सामने पहाटेपर्यंत रंगतात, मध्ये चहा फिरतो. खाणं आणि खेळ आपल्याकडे कधी वेगळे नव्हतेच. फक्त त्याचं आगाऊ बुकिंग नव्हतं, आणि बिलावर सर्व्हिस चार्ज नव्हता.

जुन्या माणसांचा राग मात्र वेगळाच. त्यांना नदी बघायला पैसे मोजणं पटत नाही, कारण नदी त्यांच्याकडे फुकट येऊन गेलेली आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी या नद्या महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, दुकानांतला माल, घरातली भांडी, पोरांची पुस्तकं चिखलात गेली. वरून घाटातला पाऊस आणि खालून खाडीची भरती, अशी दोन्हीकडून कोंडी झाली की महाड मध्ये सापडतं, हे इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ज्याने भिंतीवरची पुराची खूण स्वतः पुसली, त्याला काठावरच्या मेणबत्तीच्या जेवणाचं कौतुक कसं वाटावं? तो म्हणतो, "मी वरच्या मजल्यावर जेवतो. व्ह्यू तिथूनही दिसतो."

आणखी एक पाणवठा आहे, तिथे मात्र या मंडळींची डाळ शिजत नाही. महाड तालुक्यातला काळ नदीवरचा वाळण कोंड. काठी वरदायिनीचं देऊळ, पाण्यात मोठाले महाशीर मासे. देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी गळ लावत नाही. माणसं येतात ती कुरमुरे टाकायला. पाण्याकाठची ही एकच जागा, जिथे जेवणारा पाण्यात आहे आणि वाढपी काठावर. अभ्यासकांनीही या कोंडाची दखल घेतली आहे. इतरत्र दुर्मीळ होत चाललेला मासा इथे श्रद्धेने राखला. गावकऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं, त्यांनी फक्त त्याला ‘कॉन्सेप्ट’ म्हटलं नव्हतं.

इतका वेळ नाकाला बोट लावून बोललो, पण पाण्याकाठच्या पंगतीवरून महाडने खरोखर बोभाटा केला होता तो २० मार्च १९२७ला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता, सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष असताना महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन त्या तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग गावात कुजबुज सुटली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कुणाचा बेत नव्हता. पण त्या चर्चेवर जमाव चालून गेला, माणसांना मारलं, त्यांचं अन्न मातीत तुडवलं, आणि नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत १९३७ उजाडलं. दर वर्षी २० मार्चला देशभरातून माणसं त्या पायऱ्यांवर येतात, ती काही व्ह्यू बघायला नाही.

म्हणून सासूबाई पुढच्या सीटवर बसून नदीकाठी जेवायला गेल्या, तर त्यांना जाऊ द्या. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, कुठल्या वाडीचं, कुठल्या आडनावाचं, हे कुणी विचारत नाही, हीच या खुळातली सर्वात चांगली गोष्ट. त्यावर चर्चा खमंग करायची तेवढी करा, तिने कुणाचं ताट पालथं होता कामा नये. फक्त उठताना खरकटं आणि प्लास्टिक नदीत ढकलू नका. जुलैत ती सगळं परत आणून देते, आणि तेही थेट बाजारपेठेत. आणि गावात नाटक लागलं तर फुकटचे पास मागू नका, तिकीट काढा. थिएटर पाहिजे म्हणून ओरडणाऱ्यांनी निदान पहिल्या तीन रांगा तरी भराव्यात.