दहा बाय बाराच्या खोलीत मासे कसे पाळावेत

मासे पाळण्याची पुस्तकं बहुधा बंगल्यात राहणारी माणसं लिहितात. घरातला शांत, वर्दळ नसलेला कोपरा निवडा, हा त्यांचा पहिला सल्ला असतो. लालबाग, परळ, दादर, गिरगावच्या वाचकाने तिथेच पुस्तक मिटलं तर त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तीत स्वयंपाक, देवघर, टीव्ही, दहावीचा अभ्यास आणि गावाहून आलेले मामा एवढं बसवल्यावर जो शांत कोपरा उरतो, तो दाराबाहेर पॅसेजमध्ये असतो, आणि तिथे शेजारच्यांच्या चपला असतात. तरीही माणसं मासे पाळतात. अशा जिद्दी मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे.

परवानगी

घरात थेट मासे मागू नयेत. आधी कुत्रा मागावा. ‘इथे आपल्याला पाय पसरायला जागा नाही’ हे उत्तर मिळेल. ते नम्रपणे ऐकून घ्यावं आणि दोन दिवसांनी मांजर मागावं. चाळीच्या जिन्यात चार मांजरं आधीच फुकट आहेत, हे तुम्हाला सांगितलं जाईल. पोपट मात्र मागू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळायला बंदी आहे आणि ‘आमच्या आजोबांकडे होता’ हा बचाव तिथे चालत नाही. एवढी माघार घेतल्यावर खालच्या आवाजात मासे मागावेत. ‘भुंकत नाहीत, केस गळत नाहीत, फिरवायला न्यावं लागत नाही,’ असं म्हणत आई स्वतःच तुमची बाजू मांडू लागेल. पाणी कोण भरणार, हा विषय त्या दिवशी काढू नये.

खरेदी

मुंबईकराला मासे बघायची सवय तारापोरवाला मत्स्यालयाने लावली. १९५१मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. गिरगावातल्या कित्येक पिढ्यांची पहिली सहल चर्नी रोडचा पूल उतरून तिथवरच गेली. बघायची सवय लागली की पुढची पायरी क्रॉफर्ड मार्केट. महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव पाटीवर आहे, पण टॅक्सीवाल्याशी त्या नावाने बोलून वेळ घालवू नये.

दुकानात टाकी, खडे, पंप, फिल्टर, प्लास्टिकची झाडं आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी दाखवतील. पेटी घेऊ नये असं सगळे अनुभवी लोक सांगतात आणि सगळ्या अनुभवी लोकांकडे ती असते. मासे मात्र त्या दिवशी आणू नयेत. कारण पुढे येईल. जेव्हा आणाल, तेव्हा पिशवीत प्राणवायू भरून रबराने घट्ट बांधून देतात. ती पिशवी घेऊन संध्याकाळी सहा वाजता धिम्या लोकलने करी रोडला उतरणं, ही या छंदातली पहिली परीक्षा. पिशवी छातीशी धरू नये, डोक्याच्या वर धरावी. डब्यातली माणसं एरवी चौथी सीट द्यायला कुरकुरतात. पण ‘अरे, मासे आहेत, जिवंत आहेत’ असा पुकारा झाला की तुम्हाला दारापर्यंत वाट मिळते.

जागा आणि वजन

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही चाळीला झेपणारी टाकी. तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५६ किलो. काच आणि खडे धरले की सत्तरीच्या घरात. थोडक्यात, एक धडधाकट पाहुणा घरात एकाच जागी कायमचा उभा करायचा आहे. लाकडी जमिनीच्या जुन्या इमारतीत टाकी भिंतीलगत, तुळईच्या आधारावर ठेवावी. खालच्या मजल्यावर टेकू लागलेले असतील, तर फोटोफ्रेममधल्या माशांवर समाधान मानावं.

आता पंप. घरात एकच बोर्ड मोकळा असतो आणि त्यावर मिक्सर, मोबाइल आणि इस्त्री यांचा आधीपासून हक्क आहे. रात्री कुणीतरी फोन चार्जिंगला लावण्यासाठी पंपाची पिन काढणार, हे गृहीत धरावं. ‘काढू नये’ अशी चिठ्ठी लावून उपयोग नाही. घरच्या चिठ्ठ्या घरातली माणसं वाचत नाहीत. पिनेवर डॉक्टरपट्टी गुंडाळावी, म्हणजे निदान काढायला वेळ लागेल.

हवेचा पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. जागा नाही म्हणून तो खाली, टाकीमागे सरकवला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलट वाहू लागतं. नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबत नाही. हे घडतं रात्री दोन वाजता. कळतं मात्र पहाटे, खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून येतात तेव्हा. ‘अहो, तुमच्याकडे पाऊस चालू आहे का?’ एवढंच त्या विचारतात. आवाज चढवत नाहीत, हे जास्त भीतीदायक असतं. यावर उपाय म्हणजे नळीत बसवायचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. बोटाच्या पेरापेक्षा छोटा, किमतीने वडापावच्या जवळपास. संपूर्ण टाकीत ही एकच वस्तू अशी आहे की जी माशांचं नव्हे, शेजाऱ्यांशी असलेलं नातं जिवंत ठेवते.

पाणी

मासे पाळणं म्हणजे खरं तर पाणी पाळणं. चाळकऱ्याला यात नवं काही नाही. पहाटे उठून पिंप, कळशी, बादली भरण्यात त्याची हयात गेलेली असते. तानसा, वैतरणा, भातसा इथून आलेलं पालिकेचं पाणी आपल्यासाठी क्लोरीन घालून शुद्ध केलेलं असतं. जे आपल्या पोटाला मानवतं ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. म्हणून टाकीसाठीची बादली एक दिवस आधी भरून उघडी ठेवावी किंवा दुकानात मिळणारं अँटी क्लोरीन थेंबाथेंबाने घालावं. उघड्या बादलीचा धोका असा, की नळाला पाणी कमी आलं त्या सकाळी कुणीतरी तिने अंघोळ करून मोकळं होतं. वर ‘पाणी जरा गारच होतं’ अशी तक्रारही करतं.

नव्या टाकीत लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू खड्यांत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढावे लागतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर दाणे टाकत राहावं, म्हणजे त्या जिवाणूंना खाद्य मिळतं. एवढे दिवस घरात पाण्याने भरलेली, दिवा लावलेली, बुडबुडे सोडणारी रिकामी टाकी असते. येणारा-जाणारा थांबून विचारतो, ‘मासे कुठायत?’ ‘सध्या जंतू वाढवतोय,’ असं शास्त्रशुद्ध उत्तर देऊ नये. पुढचे काही दिवस तुमच्या घरचा चहा कुणी पीत नाही.

मासे आले की दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे साधारण एक बादली. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात धरून ओढावं आणि पाणी ओठांशी यायच्या आत तोंड बाजूला करावं. हे वेळेवर कसं जमवायचं, ते लिहून सांगता येत नाही. काढलेलं पाणी फेकू नये. नायट्रेटमुळे ते झाडांना उत्तम खत होतं. गॅलरीतली तुळस या पाण्यावर अशी फोफावते की आई टाकीला पहिल्यांदाच ‘आपली टाकी’ म्हणते.

निवड

पहिल्यांदा पाळणाऱ्याने गप्पी आणावेत. डासांच्या अळ्या फस्त करण्यासाठी पालिका विहिरी-टाक्यांत हेच मासे सोडते. तेव्हा मुंबईच्या पाण्यात टिकण्याची त्यांची पात्रता सरकारमान्य आहे. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, तीही महिन्या-महिन्याला. ‘एकच मादी आणली, आता कशी होतील पिल्लं?’ असं म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं की ती दुकानातूनच तयारीने आलेली असते. एकदा नराशी गाठ पडली की पुढचे काही महिने तिला त्याची गरज पडत नाही. जन्मलेली पिल्लं मोठे मासे खातात, आईसुद्धा. म्हणून दाट हिरवळ घालावी, त्यात ती लपतात. मग मात्र टाकी पुरत नाही आणि पिल्लं बरणीत घालून मजल्यावर वाटावी लागतात.

फायटर हवेतून थेट श्वास घेऊ शकतो, म्हणून लहान जागेत भागवतो. पण दोन नर एकत्र ठेवू नयेत. एका नळावर दोन मानी माणसं, असा प्रकार होतो. सोनमासा वाडग्यात ठेवू नये. त्याला पाणी भरपूर लागतं आणि आयुष्य मोठं असतं. इंग्लंडमधला टिश नावाचा सोनमासा १९९९मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी गेला. एवढ्या काळात चाळीचा पुनर्विकास होऊन नव्या टॉवरच्या चाव्याही मिळू शकतात. सोनमासा घेणाऱ्याने पात्र रहिवाशांच्या यादीत त्याचं नाव घालता येतं का, ते आधी विचारून ठेवावं.

खाणं, दोन्ही प्रकारचं

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे टाकावेत. मासे मरतात ते उपासाने कमी आणि लाडाने जास्त. सुकवलेले लाल किडे देणार असाल, तर डबीवर ठळक नाव लिहावं आणि ती फ्रिजमध्ये खोवलेल्या खोबऱ्याशेजारी ठेवू नये. हा नियम पहिल्यांदा कुणी आणि का केला असेल, ते ज्याने त्याने ताडावं.

मोठा पेच वेगळाच आहे. आपण मासे पाळणारी आणि मासे खाणारी, दोन्ही जमात. टाकीच्या समोरच पाट मांडून बोंबील खायचे असतात आणि काचेतून आठ-दहा डोळे बघत असतात. त्यांना पापण्या नसल्याने ते नजर फिरवतही नाहीत. टाकीवर टॉवेल टाकावा की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. दारावर येणारी मासेवाली मावशी पाटी उतरवून टाकीत डोकावते आणि म्हणते, ‘ह्ये काय गो पाळलंस? कालवणाला पण पुरायचं नाय.’ यावर वाद घालू नये. तिचा या विषयातला अभ्यास आपल्यापेक्षा मोठा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पापलेटचा भाव ऐकून पोटात गोळा येतो. त्या दिवसांत वडील टाकीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहतात. काळजी करू नये. लगेच श्रावण लागतो.

गावी जाताना

गणपतीत अर्धी चाळ कोकणात जाते आणि उरलेली मंडपात. तेव्हा मासे कुणाकडे सोपवायचे? शेजारच्या बंटीकडे किल्ली द्यावी, दाण्यांचा डबा मात्र देऊ नये. नाहीतर पाच दिवसांनी परत यावं तर डबा रिकामा, टाकीतलं पाणी दुधासारखं आणि बंटी छाती काढून सांगतो, ‘काका, एकदाच सगळं दिलं, उपाशी नाय ठेवलं.’ खरं तर धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. तेव्हा दाणे नकोतच, फक्त पंपाची पिन जागेवर आहे ना, तेवढं बघायला सांगावं. फारच जीव तुटत असेल तर एक-एक दिवसाच्या कागदी पुड्या बांधून द्याव्यात. बाप्पाच्या आगमनाचे ढोल वाजू लागले की काच थरथरते, मासे झाडामागे जातात. ढोल थांबवायचा उपाय लालबागमध्ये अजून कुणाला सापडलेला नाही. टाकीखाली थर्माकोलचा जाड तुकडा घालावा.

निधन

सकाळी एखादा मासा आडवा दिसेल. मुलांना ‘झोपलाय’ असं सांगू नये; ती संध्याकाळपर्यंत उठवत बसतात. चाळीत माती फक्त कुंडीत असते आणि तुळशीच्या कुंडीला आईची हरकत असते. मनीप्लांटच्या कुंडीत उरकावं. जिन्यातलं मांजर अंत्यविधीला हजर असतं, म्हणून वर दगड ठेवावा. सांत्वनाला सगळा मजला येतो आणि प्रत्येकाचं निदान वेगळं असतं: दृष्ट लागली, पाणी बाधलं, पंप बंद होता. शेवटचं बहुधा खरं असतं आणि ते सांगणाऱ्यानेच पिन काढलेली असते.

एवढं वाचल्यावर हे लक्षात आलं असेल की दहा बाय बारात छंद एकट्याचा राहत नाही. टाकी तुमच्या खोलीत असली तरी बघायला सगळी पोरं येतात, दाणे बंटी टाकतो, सल्ला मावशी देते, आणि गळती काकूंच्या चादरीवर होते. तेव्हा मालकीचा आग्रह सोडावा. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावं, दाणे हात आखडून टाकावेत आणि गप्पींची पहिली पिल्लं बरणीत घालून न चुकता खालच्या मजल्यावर द्यावीत. ज्या घरी आपले मासे नांदतात, त्या घरातून तक्रार जरा उशिरा येते.